अकराव्या प्रश्नाचं पान

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तुला पत्र लिहून वर्ष होत आलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की आपल्या बिशपसाहेबांचं चरित्र निघतंय. त्यांना जाऊन येत्या ऑगस्टात दोन वर्षं होतील, त्या दिवशी प्रकाशन. छापणार आमचाच धर्मप्रांताचा छापखाना, आणि लिहायला बसवलंय मला. मी मॅनेजर फादरांना म्हटलं, "फादर, मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत आलोय. प्रुफं तपासणाऱ्यानं पुस्तक लिहायचं म्हणजे नावं ठेवणाऱ्यानं स्वयंपाक करायचा." ते म्हणाले, "तुम्ही नाही तर कोण लिहिणार? अकराव्या प्रश्नाचा मुलगा तुम्हीच ना?" गुमान कागद घेतले.

चार प्रकरणं झालीत. पहिल्यात त्यांचं लहानपण, नावाड्याच्या घरातलं. धर्मशिक्षणाच्या जुन्या प्रश्नोत्तरीतली तीनशे उत्तरं त्यांनी नवव्या वर्षी एका दमात म्हणून बक्षीस मिळवलं होतं. पुढे ते सांगायचे, "तीनशे उत्तरं पाठ होती आणि एकही प्रश्न पडलेला नव्हता." दुसऱ्यात फादर व्हायला शिकत होते ती सेमिनरीची वर्षं. तिसऱ्यात, बिशप झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी गावोगावच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून छड्या गोळा केल्या आणि आपल्या बागेतल्या टोमॅटोंना आधाराला लावल्या, ती गोष्ट. चौथ्यात, भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर मुलांची तोंडी परीक्षा घ्यायची पद्धत त्यांनी मोडली ते, आणि मग ती वही. तीस पानं, प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक प्रश्न, खाली सगळं कोरं, मागची बाजूही कोरी. मुलानं आपल्या मनानं उत्तर लिहायचं. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणत, "आज वही कोरी, उद्या डोकं कोरं."

पाचवं प्रकरण आपल्या गावचं. तुझा वर्ग, एकवीस मुलं, आणि बिशपसाहेब स्वतः वह्या वाचायला आले तो दिवस. मी आठ वर्षांचा. बाबा जाऊन दीड महिना झालेला आणि मी कुणाशी बोलत नव्हतो, म्हणून तू मला घुम्या म्हणायला लागलीस. अकरावा प्रश्न होता, 'देव दिसत नाही. तो आहे हे तुला कसं कळतं?' माझं उत्तर तुला पाठ असेलच. 'बाबा पलीकडच्या खोलीत काम करत असले की मला दिसत नाहीत. रंध्याचा आवाज येतो. कधी आवाज थांबतो. तेव्हा ते लाकूड निरखत असतात. मी हाक मारत नाही.' मला अजून ती खोली दिसते आत्या, दाराच्या फटीतून येणारा भुसाही दिसतो.

बिशपसाहेब मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. वाचून त्यांनी चष्मा काढला. "हे तू लिहिलंस?" मी मान डोलावली. पुढच्या वर्षी त्यांनी मुलांच्या निवडक उत्तरांचं पुस्तक काढलं, त्यात पहिलं उत्तर माझं. त्या पुस्तकानं कोऱ्या वह्या सगळ्या धर्मप्रांतात नेल्या. आणि मला मोठं केलं ते त्याच उत्तरानं. आई गेली तेव्हा, मुलीच्या दुखण्यात, मी ते मनात म्हणत आलोय. दर रविवारी वर्गात मुलांसमोर उभा राहतो तोही त्याच्याच जोरावर.

मूळ वही तुझ्याकडे असणार. त्या पानाचा फोटो पुस्तकात हवाय. पाठवून दे.

तुझा,
घुम्या


१२ फेब्रुवारी

प्रिय घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून मुंग्या रांगेनं निघाल्यासारखंच आहे. नर्स आठवड्यातून दोनदा येऊन पाय बघून जाते. सूज उतरलीय, जीभ तेवढी शाबूत आहे.

बिशपसाहेबांचं पुस्तक होतंय हे फार चांगलं. त्यांच्या आठवणी हव्या असतील तर माझ्याकडे ढीगभर आहेत. ते बसनं यायचे, मांडीवर जेवणाचा डबा. कुणी मोटार पाठवू का विचारलं तर म्हणायचे, "मोटारीतून गेलो की रस्ता मला काही विचारत नाही." वर्ग घ्यायला त्यांनी आम्हाला निवडलं तेव्हा आम्ही कोण होतो? मी शिंपीण, एक दवाखान्यातली स्वयंपाकीण, एक लॉरीवाल्याची बायको. जुने फादर कपाळाला हात लावून बसले. बिशपसाहेब म्हणाले, "धर्म शिकवायला पदवी लागत नाही, कान लागतात." आम्हाला त्यांचा एकच नियम होता. मुलाला प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत मोजायचं, तोवर आपण तोंड उघडायचं नाही. स्वयंपाकिणीला जमायचं. माझं सातलाच सुटायचं.

हे सगळं लिही. पाचवं प्रकरण मात्र आखूड कर. लोकांना बिशप वाचायचेत, तू नाहीस. रागावू नकोस, आत्या म्हणून सांगते.

वही नाही. वाळवीनं खाल्ली.

सूनबाईला आणि लेकीला आशीर्वाद.

आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं कपाट लोखंडाचं आहे. लोखंड खाणारी वाळवी निघाली असेल तर बिशपसाहेबांच्या आधी तिची बातमी छापायला हवी.

थट्टा सोड. त्या पानाची फार गरज आहे. नव्या बिशपांनी एक समिती नेमलीय. तिच्यातल्या काहींना पाठांतर आणि ती चारचौघांतली तोंडी परीक्षा परत आणायचीय. मॅनेजर फादर म्हणतात, "त्यांच्यापुढे भाषण करण्यात अर्थ नाही. तुमचं पान ठेवतो. कोऱ्या कागदावर आठ वर्षांचं पोर काय लिहू शकतं ते बघू देत." प्रकाशनाच्या दिवशी मला व्यासपीठावर बसवून ते उत्तर म्हणायला लावणार आहेत.

आता एक मनातलं. उत्तरांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. दुकानात उभ्या उभ्या चाळली. माझं उत्तर त्यात नव्हतं. बाकी सगळी होती, तेवढं एक नव्हतं. मी कुणाला बोललो नाही. वाटलं, बिशपसाहेब मला विसरले. एकोणतीस वर्षं ते सलतंय.

परवा बिशपगृहातल्या दप्तरखान्यात बसलो होतो. तिथली सिस्टर, आम्ही तिला कपाटवाली म्हणतो, तिनं जुनी आवक नोंदवही काढून दिली. त्या आवृत्तीच्या आदल्या ऑक्टोबरात नोंद आहे: आपल्या गावच्या धर्मशिक्षिकेचं पत्र, सोबत एक कागद, खाजगी.

तू काय पाठवलं होतंस? त्या वर्षी मी चर्चला यायचा बंद झालो होतो, तुझ्याशी भांडलोही होतो. ते तू त्यांना कळवलंस का? म्हणून माझं उत्तर काढलं का? तसं असेल तर असू दे, मी रागावणार नाही. पण खरं सांग.

तुझा,
घुम्या


२ मार्च

प्रिय घुम्यास,

तुझी मी कधी चहाडी केली नाही. केलं ते त्याहून वाईट. तू विचारलंस, आता सांगणं भाग आहे. बसून वाच.

ते उत्तर तू लिहिलेलं नाहीस. मी लिहिलंय.

बिशपसाहेब येणार त्याच्या आदल्या दुपारी मी वह्या गोळा करून घरी आणल्या. तपासायच्या नव्हत्या, नुसत्या गठ्ठा करून ठेवायच्या होत्या. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुझी वही उघडली. एकोणतीस पानं कोरी. अकराव्यावर दोन ओळी होत्या. 'मला कळत नाही. तुम्हाला कळलं की मला सांगा.'

आमच्या फादरांनी आधीच बजावलं होतं की एका जरी वहीत वेडंवाकडं निघालं तर वर्ग बंद, आणि त्या पोराचा पहिल्या कम्युनियनचा विधी पुढच्या वर्षावर. भावाला जाऊन दीड महिना, आणि त्याच्या पोरानं असं लिहिलेलं. मी ते पान फाडून पेटीत लपवलं. एक शिल्लक वही होती. तिच्यावर तुझं नाव घातलं आणि अकराव्या पानावर डाव्या हातानं ते उत्तर लिहिलं, अक्षर पोराचं वाटावं म्हणून.

तुला पलीकडची खोली दिसते म्हणतोस. नीट आठव. तुझ्या बाबाला भुशानं शिंका यायच्या. त्यानं बंद खोलीत कधी रंधा हातात धरला नाही, जन्मभर अंगणात उघड्यावर काम केलं. खोलीत काम करायचे ते माझे बाबा, तुझे आजोबा. दाराबाहेर बसणारी मी.

सकाळी तुला सांगितलं, विचारलं तर मान डोलव. तू डोलावलीस. महिन्याभरात तू ते लोकांना म्हणून दाखवायला लागलास. मग लिहिताना कुठे बसला होतास तेही सांगायला लागलास. तू बोलायला लागलास घुम्या, म्हणून मी गप्प बसले.

अकरा वर्षं बसले. मग कुणीतरी सांगितलं की एका गावच्या शिक्षिकेनं ते उत्तर फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून पाठ करून घेतलं. पाठ. ज्या माणसानं पाठांतर मोडलं त्याच्या वर्गात. तेव्हा मी बिशपसाहेबांना सगळं लिहिलं आणि तुझं फाडलेलं पान सोबत घातलं. त्यांचं उत्तर आलं ते इथे उतरवते:

'बाई, एका मुलानं मला पत्र लिहिलं होतं आणि तुम्ही ते अकरा वर्षं दाबून ठेवलंत. ही तुमची चूक. मी त्याला विचारलं, हे तू लिहिलंस का, आणि त्याची मान हललेली पाहून समाधान मानलं. थांबलो नाही. ही माझी. पुढच्या आवृत्तीतून उत्तर काढतो, कारण पुस्तक मुलांच्या उत्तरांचं आहे. मुलाकडून मात्र काढून घेऊ नका, तो त्याच्यावर उभा असेल. त्यानं स्वतः विचारलं तर काही लपवू नका. त्याचं पान मी ठेवून घेतो. ते मला आलेलं आहे.'

पुढच्या महिन्यात त्यांचं परिपत्रक निघालं, त्यातला सातवा नियम तू कितीदा तरी तपासला असशील. मुलाच्या वहीला शिक्षकानं पेन्सिल लावू नये. कोरं पान हेही उत्तर समजावं. 'माहीत नाही' असं लिहिलेलं खोडू नये. लोक म्हणतात, केवढी दृष्टी. दृष्टी कसली, माझी चोरी होती ती.

तू उभा आहेस का बसलायस ते लगेच कळव.

आत्या


७ मार्च

आत्या,

पत्र पोचलं.

बाबांना भुशानं शिंका यायच्या हे मी विसरलो नव्हतो. ते अंगणात काम करायचे हेही नाही. ती खोली आणि हे अंगण, दोन्ही इतकी वर्षं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होती, आणि एकदाही मी त्यांना एकमेकांसमोर उभं केलं नाही. मी. चुका काढणारा.

सध्या लिहू नकोस.


२५ मार्च

प्रिय घुम्यास,

लिहू नकोस म्हणालास म्हणून अठरा दिवस लिहिलं नाही. आता राहवत नाही.

सूनबाईनं शेजारच्यांना फोनवर सांगितलं आणि त्यांनी मला, की तू रविवारचा वर्ग सोडलास. जेवणाआधीची प्रार्थना तू म्हणायचास ती आता लेक म्हणते, आणि तू मान खाली घालून ताटाकडे बघत बसतोस.

मला शिव्या दे. म्हातारीचं वय बघू नकोस. पुस्तकात जे लिहायचं ते लिही, माझी भीड धरू नकोस. फक्त एवढं कर, माझ्यावरचा राग दुसरीकडे कुठे काढू नकोस.

आत्या


१४ एप्रिल

प्रिय आत्या,
सप्रेम नमस्कार.

राग आला होता, पण सव्वा महिना गेला तो रागात नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी होत होतं, दिवसातून दहा वेळा. शेवटच्या रविवारी वर्गात एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं ते उत्तर सांगा ना." खडू ठेवला आणि घरी आलो.

पुस्तक सोडायचं ठरवून दप्तरखान्याचे कागद परत करायला गेलो. कपाटवाली सिस्टर म्हणाली, "एवढं एक पाकीट बघून जा. त्यांच्या रोजच्या प्रार्थनापुस्तकात होतं. यादीत कुठे घालावं मला कळेना." आत माझं पान होतं. अक्षर माझंच, आणि तरी ओळख पटेना. आपला लहानपणचा फोटो परक्याच्या घरी भिंतीवर दिसावा तसं वाटलं. मला ते लिहिल्याचं काहीही आठवत नाही आत्या. जे लिहिलं नाही ते सगळं आठवतं.

मग मी पान उलटलं.

मागे तारखा होत्या. दर वर्षी एकच तारीख, तुझं पाकीट त्यांच्या हाती पडलं तीच. प्रत्येक तारखेपुढे काळ्या शाईत एखादी ओळ, आणि तिच्यावर लाल पेन्सिलीची रेघ. पान भरलं तेव्हा खाली पट्टी चिकटवलीय, ती भरल्यावर दुसरी. अठ्ठावीस तारखा. 'प्रार्थनेत कळतं', रेघ. 'दुःखात जो सोबत असतो त्याच्यामुळे कळतं', रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात, 'हे मी इतरांना सांगतो'. एका वर्षी नुसतं 'पाय दुखतात. पुढच्या वर्षी.' तेही खोडलंय. शेवटची तारीख ते जाण्याआधीच्या ऑक्टोबरातली, अक्षर पार थरथरलेलं. 'अजून विचारतोय. मुलाला कळवावे.' त्यावर रेघ नाही.

मी सिस्टरसमोर खुर्चीत बसून राहिलो. तिनं पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं. ज्या माणसाला सगळा धर्मप्रांत देवाबद्दल विचारायला जायचा, तो अठ्ठावीस वर्षं एका आठ वर्षांच्या पोराला उत्तर लिहीत होता आणि खोडत होता. मी त्याच गावात, चार रस्ते पलीकडे, त्यांची परिपत्रकं तपासत बसलेलो.

पुस्तक सोडलं नाही. पान स्कॅन करायला दिलं. दोन दिवसांनी प्रुफ आलं आणि मी हादरलो. आमच्या संगणकावरच्या मुलीनं साफसफाई केली होती. लाल रंग म्हणजे डाग समजून तिनं सगळ्या रेघा काढून टाकल्या होत्या. उरली होती बिशपसाहेबांची ठाम, स्वच्छ उत्तरं, एकाखाली एक.

मॅनेजर फादर बेहद्द खूश. म्हणाले, "खजिना सापडला. हे असंच जाऊ द्या."

"फादर, ही उत्तरं त्यांनी खोडलीत."

"खोडली असतील. नम्र माणूस होता."

"पटली नाहीत म्हणून खोडलीत."

"अहो, मंगळवारी समिती बसतेय. तिच्यापुढे मी काय सांगू? पाठांतर बंद करणाऱ्या बिशपला स्वतःलाच उत्तर येत नव्हतं?"

खरं सांगू? एक दुपारभर मलाही वाटलं, राहू दे असंच. माझं एक गेलं होतं, इथे दोन डझनांवर पडली होती. कुठलंही उचललं असतं तरी उरलेला जन्म निघाला असता. मुलीची चूक नव्हती, फादरांचाही हेतू वाईट नव्हता. प्रुफ पुढ्यात घेऊन बसलो आणि तेव्हा मला तू दिसलीस, शिल्लक वही उघडून बसलेली. तुझ्यावरचा माझा राग तिथे संपला, कारण माझाही हात उचललेला होता.

समासात लिहिलं, 'रेघा परत घ्याव्यात.' आमच्या धंद्यात रेघ मारलेलं छापायचं नसतं. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा उलटं लिहिलं.

फादर म्हणाले, "मग पुस्तकावर तुमचं नाव नसेल. आणि पान दप्तरखान्याचं आहे, ते इथे ठेवून जा." मी म्हटलं, "पुढची बाजू दप्तरखान्याची असेल. मागची मला लिहिलीय." त्यांना हसावं की चिडावं कळेना. त्यांनी चष्मा लावला आणि पान माझ्याकडून ओढून घेतलं, बहुधा वाद संपवायला. पण वाचायला लागले. प्रुफ नाही, मूळ पान, रेघांसकट. एका ओळीवर बोट ठेवून थांबले. "हे मी प्रत्येक अंत्यविधीला म्हणतो," म्हणाले. मग पान पाकिटात घालून म्हणाले, "समितीपुढे मीच घेऊन जातो. असंच."

मंगळवारी पान हातोहात फिरलं. निर्णय पुढे ढकललाय. फादर सांगत होते, ज्यांना पाठांतर हवं होतं त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे फादर पान शेवटी हातात घेऊन बसले आणि एवढंच विचारलं, "मग त्या मुलाला कळवलं का कुणी?"

पाचव्या प्रकरणात आता सगळं येतंय. तूही येतेस. माझं नाव पुस्तकावर राहतंय. तुझं नको असेल तर 'एक शिक्षिका' म्हणून लिहितो. महिनाअखेरपर्यंत कळव. पान मात्र जाणार.

आणि एक विचारायचंय. ते उत्तर माझं नव्हतं हे मी गिळलं. पण कुणाचं तरी होतं ना? तू ते लिहिलंस तेव्हा तुला ते खरं वाटत होतं ना? मला आता तेवढाच एक आधार राहिलाय.

तुझा,
घुम्या


२१ एप्रिल

प्रिय घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाला 'हो' लिहून पाकीट बंद केलं होतं. पोस्टमन यायला वेळ होता. टेबलावर पडलेल्या त्या पाकिटाकडे बघत बसले आणि मग फाडलं.

नाही. मला तेव्हा ते खरं वाटत नव्हतं.

तुझा बाबा माझा धाकटा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला. तो गेल्यापासून दीड महिना मी वर्गात प्रार्थना सांगत होते ती नुसत्या ओठांनी. तुझं पान मी फाडलं ते फादरांच्या धाकानं, असं मी बिशपसाहेबांना लिहिलं आणि तुलाही लिहिलं. ते अर्धंच होतं. माझ्या मनात जे होतं आणि जे मी स्वतःशीही बोलले नव्हते, ते पोराच्या अक्षरात समोर आलं होतं. पान तुझं होतं, पण फाडताना मला माझंच फाडल्यासारखं वाटलं. मग जे खरं असावं असं वाटत होतं ते लिहिलं. लहानपणीचं होतं तेवढं घेतलं, बाकी जुळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं आणि तू मान डोलावलीस. एवढीशी मान. मी भिंतीला टेकून बघत होते. पुढे तू तेच म्हणत मोठा झालास, आईला पोचवून आलास, लेकीच्या खाटेशी बसलास. दर वेळी मी लांबून बघायचे आणि मनाशी म्हणायचे, त्याला एवढं पेलतंय तर त्यात काहीतरी असलं पाहिजे. असं करत करत माझी प्रार्थना ओठांवरून परत आत गेली. कधी ते सांगता येणार नाही. तुला वाटत होतं तू माझ्यामुळे... नाही, तुला तर तेही ठाऊक नव्हतं. तू माझ्या शब्दांवर टेकला होतास आणि मी तुझ्यावर. एकेचाळीस वर्षं. दोघांपैकी एकाच्याही पायाखाली काही नव्हतं, आणि दोघंही पडलो नाही.

हे कसं, ते मला माहीत नाही. माहीत नाही असं मी ब्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा लिहितेय.

माझं नाव घाल. 'एक शिक्षिका' नको. हे पत्र छापायचं असेल तर छाप, फक्त तुझ्या सवयीनं त्यात काही सुधारू नकोस.

आत्या